कुकीचा दाखला

त्या दुपारी मी दुकानाला कुलूप लावून जेवायला घरी आले, तर परसातल्या उन्हात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाय लांब करून बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, दोन्ही नडग्यांवर कुकी पालथी घातलेली आणि शेजारी वाटीत कोमट खोबरेल. आत्याबाईंचा अंगठा तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश सरकत होता. कुकीनं डोळे मिटले होते. माझ्याकडे बघायचेही तिनं कष्ट घेतले नाहीत.

“आत्याबाई, ती कुत्री आहे,” मी म्हणाले.

“दिसतंय की मला.”

“मग हे काय चाललंय?”

“आंग उघडं हाय तिचं. उघड्या अंगाला त्याल लागतंय. चार म्हयनं झालं, कुणी लावलंय का तिला?”

मी कपाळावर हात मारून घेतला आणि आत जाऊन ताट वाढून घेतलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कुकी आमच्या मुलाची, हर्षदची. पुण्यात नोकरीला असताना त्यानं तिला हौसेनं आणली आणि वर्षभरात स्वतः जर्मनीला निघाला. जाताना ती आमच्या पाचगणीच्या घरी सोडून गेला. मांजरापेक्षा जरा मोठी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा, शेपटीला गोंडा, पायांत केसाळ मोजे, आणि बाकी सगळं अंग गुळगुळीत. एक केस नाही. ही जातच अशी असते, असं त्यानं मला चारदा समजावलं. मी ते पुढं चारशे लोकांना समजावलं.

कारण पाचगणीत रस्त्यावर बाई कुत्रं घेऊन निघाली आणि कुणी काही विचारलं नाही, असं होत नाही. “खरूज झालीय का?” “भाजली का हो?” एका पर्यटकानं तर हे डुकराचं पिल्लू कितीला घेतलंत, असं विचारलं. मी सुरुवातीला नीट उत्तरं द्यायचे. नंतर नंतर नुसतं “हो” म्हणून पुढं जायला लागले.

हर्षदनं फ्रिजवर दोन पानांची यादी चिकटवली होती. आठवड्यातून दोनदा अंघोळ. अंघोळीनंतर पंधरा मिनिटांत क्रीम. बाहेर नेताना उन्हाचं वेगळं क्रीम, कान आणि नाकासकट. रोज दात घासायचे, कारण या जातीचे दात लवकर पडतात. थंडी वाजू द्यायची नाही. ऊन लागू द्यायचं नाही. एकटं सोडायचं नाही. मी हर्षदला लहानपणी इतकं केलं नव्हतं. आणि हे सगळं करून घेताना कुकी माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिच्या घरी कामाला आहे. जेवण मी द्यायचे आणि ती जाऊन बसायची आत्याबाईंच्या मांडीवर.

माझ्या यजमानांचं या सगळ्यात एकच काम होतं. ते सकाळी जीप घेऊन पर्यटकांना टेबललँडवर न्यायचे, संध्याकाळी परत यायचे आणि विचारायचे, “आज काय केलं हिनं?”

हर्षदच्या नव्या घरमालकानं कुत्रं ठेवायला नोव्हेंबरात होकार दिला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दहा जानेवारीचं विमान ठरलं. सगळे कागद झाले होते, फक्त शेवटचा राहिला होता. जनावर प्रवासाला योग्य आहे, अंगावर काही रोग नाही, असा डॉक्टरांचा दाखला निघायच्या दोन दिवस आधी घ्यायचा होता.

“आई, तो दाखला मिळाला नाही तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. चार महिने तरी जातील,” हर्षद फोनवर म्हणाला होता. “आणि हा घरमालक तोवर थांबणार नाही. मग मला तिला कायमचंच कुणाला तरी देऊन टाकावं लागेल.”

“चार महिने? मी नाही जगायची,” मी म्हणाले.

तो हसला. मी हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा मी कुकीला स्वेटर विणला. आमचं दुकानच स्वेटरांचं. लोक यंत्रावरचा माल ठेवतात, मीही ठेवायचे, पण माझं नाव होतं ते हातविणीसाठी. इथल्या निवासी शाळांतली मुलं शाळा सोडून गेली तरी माझा स्वेटर बरोबर घेऊन जायची. कुकीसाठी मी कपाटातली चांगली लोकर काढली, अस्सल मेंढीची, तपकिरी. चार सुयांवर, पोटाशी घट्ट, पाठीवर वेणीची वीण. पाच दिवस लागले. तो घालून फोटो पाठवला तर हर्षदचं उत्तर आलं, आई, तू ग्रेट आहेस. त्या घरात माझं कौतुक व्हायची ती पाच महिन्यांतली पहिली वेळ होती, हे मी लपवत नाही.

आणि डिसेंबर लागता लागता कुकीच्या अंगावर पुरळ उठलं. आधी पाठीवर चार पुटकुळ्या, मग पोटावर लाल चट्टे. ती रात्रंदिवस खाजवायला लागली. मी तिला उचलून वाईला डॉक्टर शेंडग्यांकडे नेलं. चांगला माणूस, पण असलं कुत्रं त्यांनीही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“अंगाला काय लावता?” त्यांनी विचारलं.

“क्रीम लावते मी. आणि आमच्या सासूबाई तेल चोपडतात. खोबरेल. लहान मुलासारखं.”

“मग बरोबर आहे. छिद्रं बुजली. तेल बंद करा, मलम देतो, उतरेल.”

मी घरी येऊन तेलाची बाटली कपाटात टाकली आणि किल्ली कनवटीला लावली. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“डॉक्टर म्हणाले, तेलानं झालंय,” मी म्हणाले.

“तेलानं?” त्यांनी कुकीला जवळ घेऊन तिचा स्वेटर थोडा वर केला, पाठ पाहिली, पोट पाहिलं, परत स्वेटर खाली ओढला. काहीतरी बोलणार होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. न्हाय लावत.”

आत्याबाईंबद्दल सांगायला हवं. हौसाबाई त्यांचं नाव. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी पाचगणीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घातलं. बाजारातला कुठलाही चाळिशीचा गडी दाखवून त्या सांगू शकायच्या की याची टाळू कधी भरली आणि हा किती रडायचा. पण कुकी यायच्या तीन वर्षं आधी एका लॉजवाल्यांच्या सुनेनं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. डॉक्टर मालीश नको म्हणतात, आणि तुमचे हात खरखरीत आहेत, असं म्हणाली. त्यानंतर दुसरं कुणी बोलावलं नाही. आत्याबाईंनी घरी येऊन पदर कमरेचा सोडला आणि भाजी निवडायला बसल्या, एवढंच. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.

मलम झालं, औषधी साबण झाला, पण पुरळ हटेना. नाताळ आला तरी कुकीची पाठ लालच. थंडी वाढली म्हणून मी आणखी एक स्वेटर विणला, म्हणजे एक धुतला की दुसरा घालायला. दिवसरात्र तिच्या अंगावर स्वेटर होता. आणि दिवसेंदिवस पुरळ वाढत होतं. रोज हर्षदचा व्हिडिओ कॉल. रोज तो म्हणायचा, “पाठ दाखव.” मी दाखवायचे आणि त्याचा चेहरा उतरायचा.

एक दिवस दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरात खोबरेलाचा वास. ओट्यावर वाटी. आत्याबाई पाटावर बसलेल्या, दोन्ही तळवे चकाकत होते. कुकी त्यांच्या पायाशी.

माझं डोकं सणकलं.

“तरीच म्हटलं उतरत का नाही. बाटली कुठून आणली?”

“शेजारनं आणलं वाटीभर. गुडघं धरल्यात माजं.”

“गुडघे? आत्याबाई, वीस दिवस मी मलम चोळतेय आणि तुम्ही माझ्यामागं तेल चोळताय. दहा तारखेला विमान आहे. दाखला नाही मिळाला तर तो तिला कुणाला तरी देऊन टाकणार, माहीतेय ना?”

“शैला, म्या तिला बोट लावलेलं न्हाय. शपथ घिऊ का?”

“शपथ कशाला? दिसतंय ना समोर.” आणि मग मी ते बोलले. “लोकांनी तुम्हाला बोलवायचं का थांबवलं, ते आज कळलं मला.”

आत्याबाई उठल्या, मोरीत गेल्या. साबणानं हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी ताट वाढून घेतलं, पण जेवण गेलं नाही. तरीही मनात म्हणत होते की मी खोटं काय बोलले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुकीला हात लावायचं सोडलं. कुकी मांडीशी आली की दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. कुकी त्यांच्या पायाशी बसून कुंई कुंई करायची, त्या भिंतीकडे बघायच्या. मग ते जनावर माझ्याकडे येऊन माझ्याचकडे रागानं बघायचं. घरात तीन बायका आणि तिघींनी एकमेकींशी अबोला धरलेला. यजमान संध्याकाळी यायचे आणि काही विचारायचेही नाहीत.

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी बाजारात वीज गेली म्हणून मी दुकान लवकर बंद केलं. घरी आले, परसात डोकावले आणि जागीच थांबले. माझा स्वेटर दोरीवर टाकलेला. आणि कुकी उन्हात बसलेली, अंगात झबलं. खरोखरचं झबलं, बाळाचं असतं तसं, आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. दुहेरी कापड आणि शिवण बाहेरच्या बाजूला.

“स्वेटर का काढला? थंडीनं मरेल ती.”

“हात लावला न्हाय म्या तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “कापड घातलंय निस्तं. दोन पदरी हाय. गार लागायचं न्हाय.”

“पण कशासाठी?”

“हिकडं ये. बस.”

मी उभीच राहिले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, बसले. त्यांनी झबलं वर केलं, स्वतःचे हात कापडावरच ठेवून, कातडीला न लागता.

“मानंला बघ. हितं वरती हाय का पुरळ?”

“नाही.”

“आन हितनं खाली?”

तिथून खाली लाल. मानेवर एक सरळ रेघ होती, कुणी पट्टी धरून काढावी तशी. त्यांनी मागचे पाय दाखवले. मांड्या स्वच्छ, शेपटीचं मूळ स्वच्छ. पुढच्या पायांवर स्वेटरची बाही संपते तिथं पुरळही संपत होतं. पोटाशी, जिथं मी घट्ट वीण घातली होती, तिथं सगळ्यात जास्त.

“त्याल म्या समद्या अंगाला लावत हुते,” आत्याबाई म्हणाल्या. “शेपटीपतुर. पुरळ मातुर स्वेटराएवढंच हाय. लोकर टोचतीया तिला. कवळ्या अंगाला लोकर घालत न्हाईत, शैला. लेकराला आदी जुनेर घालत्यात, मऊ, शिवण भाईर ठिवून. मग वर काय घालायचं ते घाला.”

मी कुकीच्या मानेवरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलं. तीन आठवडे रोज दोनदा मलम लावताना ती माझ्या नजरेसमोर होती. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा आला.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“तू डाक्टरकडनं आलीस, त्याच दिशी.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? तीन आठवडे ती खाजवतेय. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.”

आत्याबाईंनी झबलं नीट केलं, नाडी बांधली.

“पाच दिस बसून इणला हुतास. तुज्या हाताचं काम ते. हाताला नाव ठिवलं की माणसाला कसं हुतंय, ते मला ठावं हाय.”

माफी मागायला हवी होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी उठले, दोरीवरचा स्वेटर काढला, घडी करून कपाटात टाकला आणि म्हणाले, “आणखी एक झबलं शिवावं लागेल. धुवायला.”

“दोन शिवल्यात,” त्या म्हणाल्या.

चार दिवसांत खाजवणं थांबलं. आठवड्यात चट्टे फिके झाले. आठ तारखेला आम्ही दोघी यजमानांच्या जीपमधून वाईला उतरलो. कुकी आत्याबाईंच्या खांद्यावर, हनुवटी टेकून, पण त्यांनी तिला झबल्यावरूनच धरलेलं. दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आमच्या इथल्या एका शाळेच्या वसतिगृहाच्या मेट्रन परेराबाई मांजराची टोपली घेऊन बसल्या होत्या. वसतिगृहातल्या मुलांचे स्वेटर त्या दर हिवाळ्यात माझ्याकडूनच घ्यायच्या. शेजारी पाचगणीच्याच दोन ओळखीच्या बायका. नमस्कार-चमत्कार झाले. डॉक्टरांची तपासायची खोली म्हणजे एक पडदा होता, आणि तोही अर्धा सरकलेला.

डॉक्टरांनी कुकीला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, भिंगातून पोट पाहिलं.

“वा. एकदम स्वच्छ. बघा, तेल बंद केल्याबरोबर फरक पडला ना?” ते कागद भरायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं, पण प्रेमानं आत्याबाईंना म्हणाले, “आजी, जुन्या पद्धती वाईट असतात असं नाही मी म्हणत. पण तेलानं कातडी बिघडते, हे आता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. कुणा लेकराला बिकराला लावत असाल तर तेही थांबवा.”

पडद्याबाहेरचं बोलणं थांबलं होतं. सगळ्या ऐकत होत्या.

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, “व्हय डाक्टर. चुकलंच माजं.”

डॉक्टरांनी शिक्का उचलला आणि शाईच्या डबीत दाबला. मला एवढंच करायचं होतं की दोन क्षण गप्प राहायचं. दाखला हातात येणार होता. परवा ती विमानात बसणार होती आणि मी मोकळी होणार होते.

“तेलानं नव्हतं झालं,” मी म्हणाले. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. “माझ्या स्वेटरनं झालं होतं. माझ्या लोकरीनं. मी उगाच यांचं नाव सांगितलं तुम्हाला. यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, आणि यांनीच बरं केलं.”

शिक्का डॉक्टरांच्या हातात तसाच राहिला. “म्हणजे तेल बंद केल्यामुळे नाही?”

“तेल तर पाच डिसेंबरलाच बंद झालं होतं. त्यानंतर तीन आठवडे पुरळ वाढतच होतं.”

“हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.” त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. “मग मला पुन्हा बघावं लागेल. न बघता मी लिहून देऊ शकत नाही.”

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मानेपासून. कातडी खरवडून काचेवर घेतली, आत नेली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. वीसेक मिनिटं तरी गेली असतील. कुकी टेबलावर थरथरत होती. आत्याबाईंनी पदराखालून हात काढले आणि दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले. तशी ती शांत झाली. हर्षदला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. “काही नाही सापडलं. लोकरच असणार.” त्यांनी शिक्का मारला, सही केली. मग कागद माझ्या हातात न देता आत्याबाईंकडे धरला. “घ्या आजी.”

बाहेर आलो तेव्हा परेराबाईंनी टोपलीतल्या मांजराकडे बघत मान हलवली. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी स्वेटर दुसरीकडून घेतले. का, ते मी विचारलं नाही.

पायऱ्या उतरताना आत्याबाई माझ्यावर भडकल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही.

“अक्कल हाय का तुला? शिक्का मारतच हुता की त्यो. आन न्हाय म्हणाला असता तर? प्वाराला काय त्वांड दावलं असतंस? निघताना सांगायचं, काय सांगायचं ते. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?”

मी कुकीच्या अंगावरचं झबलं सारखं केलं. ती नेहमीसारखी माझ्याकडे तिरकं बघत होती.

“थांबले असते, तर बोलले नसते, आत्याबाई.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग दाखला माझ्या हातात दिला, कुकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रिकाम्या झालेल्या हातानं माझा दंड धरून उरलेल्या पायऱ्या उतरल्या.